पदवीचं पहिलं वर्ष: पुण्यात शिकायला येताना आणि आल्यावर काय काय सांभाळायचं

बारावीपर्यंत फॉर्मची तारीख वर्गशिक्षक सांगतात, हजेरी कमी पडली तर घरी फोन जातो, फी राहिली तर शिपाई वर्गात येऊन नाव पुकारतो. पदवीला आल्यावर यातलं काहीच होत नाही. नोटीस लागते, आठ दिवस फलकावर राहते आणि मुदत संपते. पहिल्या वर्षात अडकणाऱ्या मुलामुलींपैकी कित्येकांचा अभ्यास बरा असतो. त्यांचं अडतं ते शिष्यवृत्तीच्या अर्जावर, हजेरीवर, अंतर्गत गुणांवर आणि परीक्षा फॉर्मच्या तारखेवर. म्हणून इथे भर त्याच गोष्टींवर आहे. उदाहरणं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न कला, वाणिज्य, विज्ञान महाविद्यालयांची धरली आहेत. मराठवाडा, खानदेश, विदर्भातून पुण्यात येणारे विद्यार्थी डोळ्यांसमोर आहेत. इतर विद्यापीठांत तपशील थोडे बदलतील, कामांचा क्रम साधारण हाच राहील.

नाव एकसारखं आहे का, हे सगळ्यात आधी बघा

महाराष्ट्र बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं नाव असतं. आधारवर क्रम उलटा असतो, कधी वडिलांचं नावच नसतं, कधी इंग्रजी स्पेलिंगमध्ये एखादं अक्षर कमी-जास्त असतं. बारावीपर्यंत हे कुणाला टोचत नाही. पदवीला मात्र एबीसी खातं, म्हणजे अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा १२ अंकी क्रमांक काढावा लागतो. तो आधारवरून निघतो, आणि विद्यापीठ तुमची क्रेडिट्स, म्हणजे विषय पास झाल्यावर मिळणारे श्रेयांक, त्यात जमा करतं. विद्यापीठाकडचं नाव किंवा जन्मतारीख आधारशी जुळली नाही की क्रेडिट्स अडकतात, आणि ते कळतं दोन-तीन सत्रांनंतर. दहावीच्या गुणपत्रिकेवरचं नाव प्रमाण धरा आणि आधार त्याप्रमाणे दुरुस्त करून घ्या. उलटं करायला जाऊ नका, बोर्डाच्या कागदावरची दुरुस्ती फार लांबते.

आधारमध्ये आणखी दोन गोष्टी तपासायच्या. एक, पंधराव्या वर्षानंतरचं बायोमेट्रिक अपडेट झालं आहे का. दोन, जोडलेला मोबाइल नंबर तुमच्या हातातला आहे का. तो वडिलांचा असेल तर पुण्यात बसून अर्ज भरताना ओटीपी गावाकडे जाईल, आणि वडील त्या वेळी शेतात असतील. गाव सोडण्याआधी स्वतःचा नंबर जोडून घ्या.

शाळा सोडल्याचा दाखला महाविद्यालय मूळ प्रतीत जमा करून घेतं आणि तो परत मिळत नाही. देण्याआधी त्याच्या १० झेरॉक्स काढा, शिवाय दोन्ही बाजू स्पष्ट दिसतील असं स्कॅन करून ठेवा. मूळ गुणपत्रिका मात्र तपासून लगेच परत घ्यायच्या. मूळ प्रमाणपत्रं संस्थांनी अडकवून ठेवू नयेत, असं यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, २०१८ मध्येच कळवलेलं आहे. सीबीएसई किंवा परराज्यातल्या बोर्डातून आला असाल तर मायग्रेशन सर्टिफिकेट आणि पात्रता अर्ज, ज्याला ऑफिसात सगळे एलिजिबिलिटी म्हणतात, पहिल्या महिन्यात उरका. ते राहिलं तर निकाल राखून ठेवला जातो.

शिष्यवृत्ती: पैसे अडतात ते बहुतेक वेळा बँकेत

महाडीबीटी या राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर अर्ज सुरू होतात तेव्हा तुम्ही खोली आणि मेस शोधण्याच्या गडबडीत असता. तरी हे काम मागे टाकू नका. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता, अनुसूचित जाती, इतर मागासवर्ग, भटक्या जमातींसाठीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्त्या या सगळ्यांचे अर्ज इथेच भरायचे असतात. २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांतल्या ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) आणि ओबीसी मुलींना, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर, शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. प्रयोगशाळा, जिमखाना, विकास निधी असली इतर शुल्कं या माफीत येत नाहीत. फीची पावती बघून कुठलं शुल्क कशात मोडतं ते ऑफिसात विचारून घ्या.

उत्पन्नाचा दाखला तहसील कार्यालयाचाच लागतो. त्यावरची मुदत वाचा. जुना दाखला ३१ मार्चला संपलेला असेल तर अर्ज परत येतो. जात पडताळणीची नुसती पावती जोडून प्रवेश घेतला असेल तर वैधता प्रमाणपत्र दिलेल्या मुदतीत जमा करा. नाही केलं तर प्रवेश खुल्या प्रवर्गात जातो आणि पूर्ण फी भरावी लागते.

आता बँक. खातं आधारशी ‘लिंक’ असणं वेगळं आणि डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी, ‘सीड’ असणं वेगळं. केवायसीसाठी आधार दिलं म्हणजे खातं सीड झालंच असं नाही. सरकारी पैसे एनपीसीआयच्या (नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनच्या) नोंदीत तुमच्या आधारपुढे ज्या बँकेचं नाव आहे तिथे जातात, आणि ती बँक एका वेळी एकच असते. शेवटी ज्या बँकेत सीडिंग केलं ती. पुण्यात येऊन नवीन खातं उघडलं, तिथे फॉर्मवर एक टिक मारली, की पैसे नकळत त्या खात्यात जायला लागतात आणि तुम्ही गावच्या खात्याचं पासबुक भरत बसता. हे असं तपासा:

१. माय आधारच्या संकेतस्थळावर लॉगिन करा आणि ‘बँक सीडिंग स्टेटस’ उघडा.
२. कुठल्या बँकेचं नाव आहे आणि स्थिती ‘ॲक्टिव्ह’ आहे का ते बघा.
३. नको ती बँक असेल तर हव्या त्या बँकेत जाऊन आधार सीडिंगचा संमती अर्ज भरून द्या. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या.
४. आठ-दहा दिवसांनी पुन्हा बघा. काउंटरवर ‘झालं’ म्हणाले एवढ्यावर थांबू नका.

बँकेची आणखी एक अडचण नेमकी याच वयात येते. शाळेत असताना अज्ञान, म्हणजे १८ वर्षांखालचे, म्हणून उघडलेलं खातं १८ पूर्ण झाल्यावर नव्यानं केवायसी आणि स्वतःची सही दिल्याशिवाय नीट चालत नाही. शाळेच्या शिष्यवृत्तीसाठी अपुऱ्या कागदांवर काढलेलं ‘छोटं खातं’ असेल तर त्यात ५०,००० रुपयांपेक्षा जास्त शिल्लक ठेवता येत नाही आणि वर्षाला एकूण एक लाखापेक्षा जास्त जमा होऊ शकत नाही. खात्यावर दोन वर्षं व्यवहार नसेल तर ते निष्क्रिय होतं. अठरावा वाढदिवस झाला की त्याच आठवड्यात बँकेत जाऊन या.

अर्ज भरून झाला तरी काम संपलेलं नसतं. तो महाविद्यालयाच्या लॉगिनवर जातो, तिथून संबंधित विभागाकडे. महाविद्यालयाच्या पातळीवर त्रुटी दाखवून अर्ज परत आला तर ते पोर्टलवरच दिसतं. दर आठवड्याला एकदा लॉगिन करून स्थिती बघायची सवय लावा. छापील प्रत आणि कागदांचा संच शिष्यवृत्ती विभागात देताना रजिस्टरमध्ये सही करा. पुढच्या वर्षी नूतनीकरणाचा अर्ज वेगळा भरावा लागतो, तो आपोआप होत नाही.

घरून पैसे येणं अवघड असेल तर ‘कमवा आणि शिका’ योजनेची चौकशी पहिल्याच आठवड्यात करा. कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात रुजवलेली ही पद्धत आज विद्यापीठ आणि अनेक महाविद्यालयं चालवतात. ग्रंथालय, ऑफिस, बागकाम अशी तासांवर कामं असतात. जागा थोड्या असतात आणि लवकर भरतात. रोज एक-दोन तासांचं काम अभ्यासाच्या आड येत नाही. रात्री उशिरापर्यंतची डिलिव्हरीची कामं मात्र पहिल्या सत्रात घेऊ नयेत. सकाळचे तास बुडतात आणि वर्षाची घडी पुढे बसतच नाही.

खोली आणि मेस

पुण्यात ‘कॉट बेसिस’ म्हणजे खोलीतली एक कॉट भाड्यानं. पैसे देण्याआधी पाणी किती वाजता येतं, गीझर आहे का, लाइटबिल भाड्यात धरलंय की वेगळं, एका बाथरूममागे किती जण, आणि मध्येच सोडलं तर डिपॉझिट किती परत, हे विचारा. डिपॉझिट रोख दिलं तरी पावती घ्या, निदान मालकाच्या नंबरवर रक्कम आणि तारीख लिहून मेसेज पाठवा आणि ‘मिळाले’ असं उत्तर मागा. बहुतेक भांडणं रंगकाम आणि तुटलेल्या वस्तूंवरून होतात. खोलीत सामान लावण्याआधी भिंती, नळ, खिडकीच्या काचा आणि गादीचे फोटो काढून ठेवा. महाविद्यालयाच्या वसतिगृहाची यादी लागेपर्यंत ११ महिन्यांच्या करारात अडकू नका, महिनाभराची तात्पुरती सोय बघा. समाजकल्याण विभागाची वसतिगृहं आणि विद्यार्थी सहायक समितीसारख्या संस्थांची वसतिगृहं कमी खर्चात चांगली शिस्त देतात. त्यांचे अर्ज निकाल लागल्यालागल्या भरावे लागतात.

मेस ठरवताना भावापेक्षा खाडा कसा धरतात ते आधी विचारा. जेवायला न आलेल्या दिवसांचे पैसे वळते होतात का, सलग किती दिवस गेलात तर होतात, आणि किती दिवस आधी सांगायचं? समजा, महिन्याचे ३६०० रुपये आहेत आणि दोन वेळची ६० जेवणं. एका जेवणाचे ६० रुपये पडले. शनिवार-रविवार बाहेर राहून १२ जेवणं बुडाली आणि खाडा धरला नाही, तर तेच जेवण ७५ रुपयांना पडतं, वर बाहेर खाल्लेलं वेगळं. पहिल्यांदा आठवड्याचे किंवा कूपनचे पैसे भरा. दोन-तीन वेळा रात्रीच्या शेवटच्या अर्ध्या तासात जाऊन जेवा. तेव्हा भाजी उरलेली असते का आणि पोळ्या गरम मिळतात का, यावरून मेस कळते. रविवारच्या फीस्टवरून मेस निवडू नका.

हजेरीचं गणित

नियम बहुतेक ठिकाणी ७५ टक्क्यांचा असतो. टक्क्यांत विचार केला की फसगत होते, म्हणून तासांत मोजा. थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे १५ तास. दोन क्रेडिटच्या विषयाला सत्रात ३० तास होतात, त्यातले २३ भरले पाहिजेत. म्हणजे तुमच्या हातात फक्त सात आहेत. आठवड्याला दोन तास धरले, तर गणपतीला घरी जाऊन एक आठवडा जास्त राहिलात की दोन गेले, दिवाळीला तसंच केलं की चार. व्हायरल तापाचा एक आठवडा धरला की सहा. इथे एकही तास मुद्दाम बुडवलेला नाही, तरी शिल्लक राहिला एक.

प्रात्यक्षिकाला एक क्रेडिट म्हणजे ३० तास, आणि एकेक प्रात्यक्षिक तीन-चार तासांचं असतं. एक बुडवलं की जर्नलमधला तो प्रयोग राहतो, सही राहते, आणि सत्राच्या शेवटी ‘रिपीट प्रॅक्टिकल’साठी बॅच मिळेल याची खात्री नसते. थिअरीचा तास चुकला तर मित्राची वही मिळते. प्रयोगशाळेतलं स्वतःच्या हातानं घेतलेलं रीडिंग कुठून आणणार? प्रात्यक्षिक बुडवायचं नाही, एवढा एक नियम कडक पाळा.

आजारी पडलात तर वैद्यकीय प्रमाणपत्र बरं झाल्यावर लगेच जमा करा. कमी हजेरीची यादी लागल्यावर आणलेल्या प्रमाणपत्रांवर कुणी विश्वास ठेवत नाही. एनएसएस, एनसीसी, क्रीडा स्पर्धा किंवा युवक महोत्सवासाठी गेलेल्या दिवसांची हजेरी त्या त्या प्रमुखांच्या पत्रावर मिळते. पत्र घेऊन विषयशिक्षकांकडे तुम्हालाच जावं लागतं. प्रवेशाच्या शेवटच्या फेरीत आला असाल तर आधी होऊन गेलेले तास कसे धरणार, हे पहिल्या आठवड्यात विचारून घ्या.

मराठी माध्यमातून आलेल्यांसाठी

कला आणि वाणिज्य शाखांत बहुतेक विषयांची उत्तरपत्रिका मराठीत लिहिता येते. हे माहीत नसल्यामुळे कितीतरी मुलं मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहून गुण घालवतात. प्रश्नपत्रिकेवरच्या सूचना आणि महाविद्यालयाचं माहितीपत्रक बघून खात्री करा, आणि एका पेपरात एकच भाषा ठेवा. पण मराठीत लिहायचं ठरवलं तरी वर्गात आणि संदर्भग्रंथांत इंग्रजी भेटणारच. त्यासाठी प्रत्येक विषयाच्या वहीची शेवटची १० पानं राखून ठेवा आणि त्यांवर तीन रकाने आखा: वर्गात ऐकलेला शब्द, मराठी प्रतिशब्द, आणि स्वतःच्या भाषेत एक ओळ.

अर्थशास्त्राच्या तासाला ‘इलॅस्टिसिटी ऑफ डिमांड’ ऐकून घाबरायला होतं. बारावीला शिकलेली मागणीची लवचिकता तीच. एक ओळ अशी लिहायची: किंमत १० टक्के वाढल्यावर मागणी २० टक्के घटली, तर लवचिकता २, म्हणजे मागणी जास्त लवचिक. उलट, कमी लवचिक मागणीचं म्हणून मिठाचं उदाहरण शेजारी टाका. अशा ४०-५० नोंदी झाल्या की त्या विषयाचं व्याख्यान कानात शिरायला लागतं, आणि त्याला साधारण दीड महिना लागतो. भाषा संचालनालयाचे विषयवार परिभाषा कोश प्रतिशब्दांसाठी विश्वासाचे आहेत.

वर्गात पूर्ण वाक्यं उतरवत बसू नका. मुद्दे, आकृती आणि उदाहरण घ्या, आणि त्याच रात्री २० मिनिटं बसून मधली जागा भरा. दुसऱ्या दिवसावर ढकललं की मुद्द्यांचा अर्थच लागत नाही. गाईडवर वर्ष निघतं, हे खरं आहे. पण दुसऱ्या वर्षी विषय खोल जातो आणि तिथे गाईड अपुरं पडतं, म्हणून पहिल्याच सत्रात एका तरी विषयाचं मूळ पुस्तक पूर्ण वाचा. जुनी पुस्तकं अप्पा बळवंत चौकात निम्म्या किमतीच्या आसपास मिळतात. घेण्याआधी आवृत्ती आणि अभ्यासक्रमाचं वर्ष जुळवून बघा. २०२४ नंतर अभ्यासक्रम बदलले आहेत, आणि जुन्या पॅटर्नचं पुस्तक स्वस्तात मिळूनही अर्धंच उपयोगी पडतं.

विषय, क्रेडिट्स आणि गुण

नव्या शैक्षणिक धोरणात सत्राला २० ते २२ क्रेडिट्स असतात. मेजर (मुख्य विषय), मायनर (जोडविषय), ओपन इलेक्टिव्ह (दुसऱ्या शाखेतून निवडायचा विषय), कौशल्याचे विषय, भाषा, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानप्रणाली अशी विभागणी असते. बऱ्याच ठिकाणी पहिल्या वर्षी तीन विषय घेऊन पुढे त्यांतला एक मेजर ठरवतात. मेजर करण्याची शक्यता असलेला विषय या तिघांत असायलाच हवा, नंतर बाहेरून आणता येत नाही. ओपन इलेक्टिव्हच्या जागा आधी येणाऱ्याला मिळतात, म्हणून नोंदणी सुरू होईल त्या सकाळीच करा.

एसजीपीए (सत्राची सरासरी श्रेणी) काढताना प्रत्येक विषयाचे श्रेणी-गुण त्याच्या क्रेडिट्सनी गुणायचे, सगळ्यांची बेरीज करायची आणि एकूण क्रेडिट्सनी भागायचं. यूजीसीच्या श्रेणीत ‘ओ’ला १०, ‘ए प्लस’ला ९, असं उतरत ‘पी’ला ४ आणि नापासाला ०. सत्रात २२ क्रेडिट्स असतील तर चार क्रेडिटच्या विषयात एक श्रेणी वर चढल्यानं एसजीपीए ०.१८ नं वाढतो, दोन क्रेडिटच्या विषयात ०.०९ नं. तरीही छोटे विषय सोडून देऊ नका. त्यात नापास झालात तर शून्य धरलं जातं आणि गुणपत्रिकेवर तो विषय राहिलेला दिसतो. एटीकेटी (विषय राहूनही पुढच्या वर्गात जाण्याची सवलत) लागणाऱ्यांत असे ‘सोपे’ म्हणून सोडलेले विषय पुष्कळ असतात.

अंतर्गत आणि लेखी दोन्हींत वेगवेगळं पास व्हावं लागतं. समजा, ५० गुणांचा विषय १५ अंतर्गत आणि ३५ लेखी असा विभागलेला आहे आणि ४० टक्क्यांना पास आहे. तर अंतर्गतमध्ये ६ आणि लेखीत १४ हवेत. लेखीत ३० पडले पण असाइनमेंट दिलीच नाही, तर विषय राहिला. असाइनमेंट देताना पहिल्या पानाचा तारखेसकट फोटो काढून ठेवा. अंतर्गत गुण विद्यापीठाकडे जाण्याआधी फलकावर लागतात. ते दोन-तीन दिवस रोज बघून या, कारण ‘गैरहजर’ असं चुकून पडलं असेल तर तेव्हाच दुरुस्त होतं.

परीक्षा फॉर्म ऑनलाइन भरल्यावर विषयांचे सांकेतिक क्रमांक एकेक करून ताडून बघा. ओपन इलेक्टिव्ह चुकीचं निवडलं जाणं ही नेहमीची चूक आहे, आणि ती हॉल तिकीट हातात आल्यावर दिसते. दुसऱ्या सत्रात पहिल्या सत्राचा राहिलेला विषय असेल तर त्याचीही नोंद करावी लागते. मुदत गेली की विलंब शुल्क, मग अतिविलंब शुल्क.

निकालात गुण अनपेक्षित कमी दिसले तर आधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवा. ती आली की तीन गोष्टी बघा: प्रत्येक उत्तराला गुण दिलेत का, पुरवणी जोडलेली आहे का, मुखपृष्ठावरची बेरीज बरोबर आहे का. बेरीज चुकली असेल तर गुणपडताळणी, आणि उत्तर तपासण्यातच अन्याय वाटत असेल तर पुनर्मूल्यांकन. छायाप्रत विषय शिकवणाऱ्या प्राध्यापकांना दाखवून मगच पैसे भरा. किती विषय राहिले तरी दुसऱ्या वर्षात जाता येतं, हे विद्यापीठ आणि शाखेनुसार वेगळं असतं. सीनियरच्या सांगण्यावर न जाता आपल्या पॅटर्नचं परिपत्रक वाचा.

त्रास झाला तर

रॅगिंगविरुद्ध महाराष्ट्रात १९९९ चा कायदा आहे, यूजीसीचे नियम २००९ पासून आहेत, आणि प्रवेशावेळी तुम्ही प्रतिज्ञापत्र भरलेलं असतं. ‘ओळख परेड’ म्हणून चालणारा अपमान हेही रॅगिंगच. राष्ट्रीय हेल्पलाइन १८००-१८०-५५२२ चोवीस तास चालते. तक्रारीत तारीख, वेळ, जागा आणि हजर असलेल्यांची नावं लिहा, मेसेज पुसू नका.

पहिले सहा-आठ आठवडे एकटं वाटणं साहजिक आहे. दर शुक्रवारी गाव गाठलं की ते लांबत जातं, कारण मैत्री होते ती शनिवार-रविवारच्या मोकळ्या वेळात. पंधरा दिवसांतून एकदा जायचं ठरवा. एनएसएस, नाट्यमंडळ, ट्रेकिंगचा गट, वाचनकट्टा यांतलं काहीतरी एकच धरा. झोप उडाली, जेवण जात नाही, वर्गात जावंसंच वाटत नाही असं दोन आठवडे टिकलं, तर महाविद्यालयातल्या समुपदेशकांना भेटा किंवा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा. तिथे मराठीत बोलता येतं.

मे महिन्यात घरी जाण्याआधी

ग्रंथालयाची पुस्तकं परत करून नो-ड्यूज घ्या, कारण दंडाच्या दहा-वीस रुपयांवर निकालपत्र अडतं. एबीसी खात्यात पहिल्या सत्राची क्रेडिट्स दिसतात का ते बघा, दिसत नसतील तर परीक्षा विभागात लेखी अर्ज देऊन पोच घ्या. बोनाफाइडच्या दोन प्रती काढून ठेवा. सुट्टीत नवीन उत्पन्नाचा दाखला काढायला घ्या, जूनमध्ये तहसीलला गर्दी उसळते. खोली तीच ठेवणार असाल तर सुट्टीतल्या दोन महिन्यांचं भाडं पूर्ण की निम्मं, हे मालकाशी आत्ताच बोलून मेसेजवर लिहून घ्या.